लग्न शून्य ठरतं तेव्हा काय उरतं?

आजच्या स्पेनमधल्या लेओन राज्याचा राजा आल्फोन्सो नववा याच्या घरात ख्रिस्तसभेने तीन लग्नं शून्यवत ठरवली. पहिलं त्याच्या आईवडिलांचं. दुसरं त्याचं स्वतःचं, पोर्तुगालच्या तेरेसाशी ११९१ साली झालेलं. तिसरंही त्याचंच, कास्तीलच्या बेरेंगेलाशी ११९७ साली वायादोलिदला लागलेलं. कारण तिन्ही वेळा एकच, नवरा-बायको जवळच्या रक्ताचे. तिन्ही लग्नांना मुलंही झाली होती. पहिल्यातून खुद्द आल्फोन्सो जन्मला, दुसऱ्यातून तीन मुलं, तिसऱ्यातून पाच. त्या पाचांपैकी फर्नांदो तिसरा याला ख्रिस्तसभेने १६७१ साली संतपद दिलं, आणि तेरेसाला १७०५ साली धन्य घोषित केलं.

म्हणजे ज्या लग्नाला ख्रिस्तसभा लग्न म्हणायला तयार नव्हती, त्याच लग्नातून जन्मलेल्या मुलाला तिने वेदीवर बसवलं. हे वाचून पुष्कळांना वाटतं, की चर्चचा न्याय राजेलोकांसाठी हवा तसा वाकतो. मला या कथेत त्याहून मोठं काहीतरी दिसतं आणि ते मनापासून मांडावंसं वाटतं.

मी वसईतला धर्मगुरू. धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणात विवाहबंधनाचा रक्षक म्हणून काम करतो. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ साली हे पद निर्माण केलं. लग्न शून्य ठरवावं असा अर्ज आला की लग्नाच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते मांडायचं, हे माझं काम. निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला तर त्याचा अर्थ घटस्फोट असा होत नाही. आरंभीच अशी एखादी उणीव होती की बंधन जुळलंच नाही, असा तो निवाडा असतो. पुरुष सहसा निकालाची तारीख विचारतात. बायका एक वेगळा प्रश्न विचारतात, "फादर, लग्नच झालं नव्हतं म्हणता, मग माझी पोरं कोण?" या प्रश्नाचं उत्तर मी कलमांच्या आधाराने देऊ शकतो. पण त्या उत्तराचा खरा अर्थ मला बेरेंगेलाच्या आयुष्याकडे पाहून उमगला.

बेरेंगेला कास्तीलच्या आल्फोन्सो आठव्याची थोरली लेक. लग्नाच्या वेळी सतरा-अठरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी, ११९५ साली, आलार्कोसच्या रणांगणात अल्मोहाद या मुस्लिम राजवटीच्या फौजेने तिच्या बापाचा दणदणीत पराभव केला होता, आणि शेजारचा लेओनचा राजा त्या पराभवाचा फायदा उठवून कास्तीलवर चालून आला होता. दोन्ही राज्यांतली लढाई मिटवायला ही सोयरीक ठरली. अडचण अशी, की तिचा नवरा तिच्या बापाचा सख्खा चुलतभाऊ होता. दोघांचे वडील भाऊ-भाऊ, आल्फोन्सो सातव्याचे मुलगे. बापाच्या चुलतभावाशी मुलीचं लग्न.

११९८च्या जानेवारीत इनोसंट तिसरे पोप झाले आणि त्यांनी या लग्नाविरुद्ध ठाम पवित्रा घेतला. राजा-राणीला बहिष्कृत केलं. लेओनच्या राज्यात उपासनेवर बंदी आली. अशी बंदी आली की चर्चच्या घंटा थांबतात आणि मृतांना पवित्र मातीत जागा मिळत नाही. राजाच्या लग्नापायी शेतकऱ्याच्या आईचं दफन अडायचं. ही बंदी पुढे काहीशी सैल झाली, पण लग्नाबद्दलचा आग्रह सुटला नाही. या संबंधातून होणारी मुलं अनौरस धरली जातील, हेही पोपनी बजावलं. तरीही दोघं सहा-सात वर्षं एकत्र राहिली. १२०४ साली बेरेंगेला मुलांना घेऊन माहेरी परतली आणि मगच बहिष्कार उठला.

इनोसंट यांच्यावर कठोरपणाचा आरोप सहज करता येतो. पण त्याच वर्षांत त्यांच्यापुढे दुसरंही एक प्रकरण होतं. फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याने ११९३ साली डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी लग्न केलं आणि लगेच तिला टाकली. त्यासाठी त्याने नात्याचंच कारण पुढे केलं आणि आपल्या बिशपांकडून लग्न रद्द करवून घेतलं. ती परक्या मुलखातली एकटी बाई रोमकडे दाद मागत राहिली. इनोसंट तिच्या पाठीशी उभे राहिले आणि १२०० साली त्यांनी फ्रान्सवर तीच बंदी घातली. फिलिपने तिला राणी म्हणून खऱ्या अर्थाने परत घेतलं ते १२१३ साली.

दोन्ही खटले शेजारी ठेवून पाहा. एका राजाला बायको ठेवायची होती, त्याला सोडायला लावली. दुसऱ्याला सोडायची होती, त्याला ठेवायला लावली. राजाची इच्छा हा लग्नाचा निकष नाही, एवढं एक तत्त्व दोन्हीकडे सारखं आहे. त्या काळी सातव्या पिढीपर्यंतचं नातं निषिद्ध होतं, आणि युरोपातली राजघराणी तर सगळीच एकमेकांच्या नात्यात. बायको नकोशी झाली की वंशावळ उघडायची आणि खापरपणजोबा शोधून काढायचा, ही राजेलोकांची रीतच झाली होती. अशा काळात कुणीतरी नियमाला चिकटून राहणं गरजेचं होतं, असं मी मानतो.

पण याने खरा प्रश्न सुटत नाही, उलट आणखी टोकदार होतो. रक्ताच्या नात्याचा हा नियम देवाचा की माणसांचा?

याचं उत्तर इनोसंट यांनीच दिलं. १२१५ साली त्यांनी लॅटरनची चौथी महासभा भरवली. तिच्या पन्नासाव्या नियमाने सात पिढ्यांची मर्यादा चारवर आणली. काळ बदलला की माणसाने केलेले नियम बदलण्यात दोष नाही, असं सभेने उघड मान्य केलं. चारच का, याचं कारण शरीरात चार रस असतात आणि ते चार महाभूतांपासून बनतात, असं दिलं. पाचव्या-सहाव्या पिढीचं नातं आदल्या दिवशी लग्नाच्या आड येत होतं, ते आता येईनासं झालं. म्हणजे आई-मुलगा किंवा बहीण-भाऊ यांच्यातली मर्यादा देवाने घातलेली, आणि तिच्या पलीकडची, चुलत-मावस नात्यांची, ख्रिस्तसभेने घातलेली. पुढच्याच एक्कावन्नाव्या नियमाने लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा सगळीकडे सक्तीची झाली. आमच्या वसईतल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला वधूवरांची नावं वाचून 'कुणाला अडचण ठाऊक असल्यास कळवावी' असं सांगतात, त्या प्रथेचं मूळ तिथे आहे.

बेरेंगेलाचं लग्न मात्र नव्या मोजणीतही बसत नव्हतं. समान पूर्वजापासून ती तिसऱ्या पिढीतली, म्हणून नातं तिसऱ्या पायरीचं. त्याच वायादोलिदमध्ये १४६९ साली कास्तीलची इसाबेल आणि आरागोनचा फर्नांदो यांचं लग्न लागलं. त्या लग्नाने कास्तील आणि आरागोन एकत्र आले आणि स्पेनचा इतिहास फिरला. दोघं कास्तीलच्या हुआन पहिल्याचे पणतू, म्हणजे नातं पुन्हा तिसऱ्याच पायरीचं. लग्नात पोपचं परवानगीपत्र दाखवलं गेलं ते बनावट होतं. त्यावर नाव होतं पायस दुसरे यांचं, आणि ते पाच वर्षांपूर्वीच वारले होते. खरी सूट सिक्स्टस चौथे यांनी १४७१ साली दिली, तोवर थोरली मुलगी वर्षाची होऊन गेली होती. गाव तेच, नात्याची पायरी तीच. एका जोडप्याला ताटातूट मिळाली, दुसऱ्याला मागाहून सूट.

जी अट पोप माफ करू शकतो, ती माणसाची अट. ती पाळायला हवी, कारण समाज नियमांवर चालतो. पण तिच्या आधारे दिलेला निवाडा बंधनाबद्दल बोलतो. एकत्र घालवलेल्या वर्षांबद्दल, पाळण्यातल्या लेकराबद्दल, एकमेकांना दिलेल्या शब्दाबद्दल बोलण्याचा अधिकार त्या निवाड्याला नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हे शहाणपण आहे. आईबापांपैकी एकाने जरी सद्भावनेने, चारचौघांत लग्न केलं असेल तर ते पुढे शून्य ठरलं तरी मुलं औरसच राहतात. आजच्या कायद्यातही हे कलम आहे. बेरेंगेलाचा मुलगा फर्नांदो तिसरा याच्या आईबापांना पोपची ताकीद मिळालेली असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा आधार लंगडा होता. तरीही १२१८ साली होनोरियस तिसरे यांनी त्याच्या औरसपणावर शिक्कामोर्तब केलं. मुलाचा दोष नाही, हे रोमला मान्य करावं लागलं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. लग्न शून्य ठरलं की माणूस बंधनातून मोकळा होतो, कर्तव्यातून नाही. आल्फोन्सोला ही गोष्ट पेलली नाही. त्याच्या दोन्ही बायकांना पेलली.

१२१७च्या जूनमध्ये कास्तीलचा तेरा वर्षांचा राजा एन्रिके, बेरेंगेलाचा धाकटा भाऊ, पालेन्सियाला बिशपांच्या वाड्यात खेळत असताना छपरावरचं कौल डोक्यात पडून गेला. गादी बेरेंगेलाकडे आली. तिने मृत्यूची बातमी दाबून ठेवली आणि पूर्वीच्या नवऱ्याकडे निरोप धाडून तेव्हा त्याच्याजवळ असलेल्या फर्नांदोला बोलावून घेतलं. जुलैच्या आरंभी वायादोलिदला लोकांनी तिला राणी म्हणून मान्य केलं आणि तिने तिथेच राज्य मुलाच्या हाती दिलं. बापाने काय केलं? तो फौज घेऊन पोटच्या पोरावर चालून गेला. पुढे समेट झाला, पण १२३०च्या सप्टेंबरमध्ये सान्तियागोच्या यात्रेला निघालेला आल्फोन्सो वाटेत वारला, तेव्हा उघड झालं की त्याने लेओनचं राज्य तेरेसाच्या दोन मुलींना, सान्चा आणि दुल्से यांना लिहून ठेवलं होतं. १२०६च्या काब्रेरोसच्या तहात त्याने फर्नांदोला वारस मान्य केलं होतं. तो शब्द त्याने मोडला. दोन लग्नं मोडली याचा दोष मी त्याला देणार नाही. मोडलेल्या लग्नांतली मुलं त्याने एकमेकांसमोर उभी केली, हा त्याचा अपराध.

आता यादवी ठरलेली होती. एका बाजूला बापाचं मृत्युपत्र, दुसऱ्या बाजूला कास्तीलची फौज. अशा वेळी तेरेसा पोर्तुगालमधल्या लोर्व्हांवच्या मठातून निघाली. लग्न मोडल्यावर तिने तिथे जोगिणींचा मठ उभा केला होता. बेरेंगेला तिला भेटायला गेली. एकाच पुरुषाशी लागलेली आणि शून्य ठरलेली दोन लग्नं, त्या लग्नांतल्या या दोन बायका समोरासमोर बसल्या. कायद्याच्या लेखी दोघीही त्या राजाच्या कुणी नव्हत्या. ११ डिसेंबर १२३० रोजी बेनाव्हेंतेला करार झाला. सान्चा आणि दुल्सेने लेओनवरचा हक्क सोडला, त्यांना दरसाल ३०,००० माराव्हेदी मिळायचं ठरलं, आणि ११५७ साली आल्फोन्सो सातव्याच्या मृत्यूनंतर विभागलेली दोन राज्यं लढाई न होता एक झाली. यात दोन मुलींनी बापाने दिलेलं राज्य गमावलं, हे विसरता येत नाही. तेरेसाने आपल्या लेकींचा तोटा पत्करला आणि बेरेंगेलाने त्या लेकींची तजवीज करून दिली. सवतीच्या मुलींबद्दल तिला कसलंही कायदेशीर बंधन नव्हतं. तरी तिने ते मानलं.

बेरेंगेलाने मुलासाठी बायको शोधली तीही जर्मनीतून, श्वाबियाची बेआत्रिस, म्हणजे नात्याचा प्रश्नच उद्भवू नये. स्वतःला जो नियम जाचला, त्याबद्दल तिने कडवटपणा धरला नाही. १२४६ साली ती वारली तेव्हा बुर्गोसच्या लास उएल्गास मठात साधेपणाने दफन व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. तिच्या मुलाने १२३६ साली कोर्दोबा आणि १२४८ साली सेव्हिल जिंकलं. सेव्हिलच्या मुस्लिम रहिवाशांना तेव्हा घरंदारं सोडून जावं लागलं, आणि संतपदाच्या तेजात हे दुःख झाकून टाकणं मला पटत नाही. त्याच्या समाधीवरचा लेख मात्र लॅटिन, कास्तीलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे.

मला संतपदाहून मोठी वाटते ती तेरेसा आणि बेरेंगेला यांची बैठक. पोप लग्न शून्य ठरवू शकतो आणि त्या निवाड्याचा मान राखायला हवा, हे माझं कामच मला शिकवतं. पण निवाड्याचा अर्थ 'काही घडलंच नाही' असा घेतला की त्यातून आल्फोन्सोसारखा बाप तयार होतो. आजचा आमचा कायदाही हा धोका ओळखतो. लग्न शून्य ठरवणाऱ्या निकालपत्रातच दोन्ही पक्षांना एकमेकांबद्दलच्या आणि मुलांच्या पालनपोषणाबद्दलच्या नैतिक जबाबदाऱ्यांची आठवण द्यावी, असा नियम आहे. पुष्कळ जण निकालाची पहिली ओळ वाचून कागद घडी करतात. माझ्या मते निकालाचा आत्मा त्या शेवटच्या भागात असतो. देवासमोर बंधन जुळलं होतं की नाही, हे आम्ही पुराव्यांवरून ठरवतो. पण त्या घरात कुणी कुणाला वाढवलं, कुणी कुणासाठी सोसलं, हे देव आमच्या निकालावरून ठरवणार नाही.