दार कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सातवीच्या वर्गात पाणी शिरले. वर्गाची कामे मी मुलांना वाटून दिली होती: एकाकडे फळा, एकाकडे पिण्याचे पाणी, एकाकडे केर, एकाकडे खिडक्या. सर आली तेव्हा चौघांचीही कामे चोख झालेली होती. पाणी आले ते दारातून, आणि दार कोणाच्याच वाट्याला नव्हते. आता रागवायचे कोणावर?

त्याच आठवड्यात भूगोलात ओडिशातले चिलिका सरोवर आले. समुद्रालगत वाळूच्या बांधाने अडवलेले हे अफाट निमखारे पाणी. तीन जिल्हे त्याला लागून. मासळी मत्स्यखात्याची, मासेमारीच्या जागांचे पट्टे महसूलखात्याचे, नलबन बेटावरचे पक्षी वनखात्याचे, गाळ आणणाऱ्या महानदीच्या शाखा पाटबंधारे खात्याच्या. प्रत्येक कचेरीत फायली अगदी नीट बांधलेल्या असतील! इकडे समुद्राकडचे मुख मात्र वाळूने बुजत चालले होते. खारेपणा उतरला, पाणगवत माजले, मासळी आटली. १९९३ साली धोक्यात आलेल्या पाणथळींच्या जागतिक नोंदीत चिलिकाचे नाव चढले.

काम वाटता येते, पण दोष? चार जणांत वाटला तर तो पाव पाव होतो, की प्रत्येकाकडे सबंधच उरतो? मुलांपुढे मला याचे उत्तर देता आले नाही.

सरकारने १९९१ सालीच या सगळ्या खात्यांना एकत्र बसवणारे चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले होते. २००० सालच्या सप्टेंबरात त्याने समुद्राकडे नवे मुख उघडले. खारे पाणी आत आले, मासळी वाढली, आणि २००२ साली त्या नोंदीतून नाव उतरले. कादंबरी असती तर मी इथेच थांबलो असतो.

पण कोळंबीचे घेर राहिले. सरोवरापासून हजार मीटरांच्या आत कोळंबीशेती नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावले. तरी जाळ्यांची कुंपणे पुन्हापुन्हा उभी राहिली. ती उपटायला जिल्ह्याचे अधिकारी लागतात, पोलीस लागतात. वाळूला मत नसते, घेरवाल्यांना असते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरणाऱ्याने मग कोणत्या कचेरीची पायरी चढायची?

त्या दिवशी केरवाल्या मुलाने मला हळूच विचारले, "गुरुजी, दार कोणाचे होते?" दाराला सर्वांत जवळ माझी खुर्ची होती. मी पाऊस बघत बसलो होतो.