बिनसालाची बाटली

चव घेणे हा गुण की दोष, हा प्रश्न एका सायंकाळी आमच्याच घरात उभा राहिला. अंजनगाव सुर्जीच्या घरी आमच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. परदेशी राहणाऱ्या भाच्याने फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील एका शेतकरी कुटुंबाची बाटली आणली होती. बूच निघाले, पेले भरले, पहिला घोट झाला. कौतुकाचे शब्द निघत असतानाच आत्याबाईंनी आपला पेला पालथा घातला. त्यांचे यजमान दारूपायी गेले. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्याची चव तुम्ही घेता, त्याने माझे घर गिळले."

यावर कोण काय बोलणार? आमच्या विदर्भाला ही जखम ठाऊक आहे. 1993 साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. कायदा येतो, जातो. ज्या घरात चूल विझली, तिथला प्रश्न मात्र तसाच राहतो. म्हणून आत्याबाईंचे म्हणणे बाजूला सारून आस्वादाच्या गोष्टी करणे आम्हास अप्रामाणिकपणाचे वाटते. तरीही त्या बाटलीने आम्हाला जे शिकवले, तेही लपवू नये.

तिच्यावर साल छापलेले नव्हते. ही उणीव असेल असे आम्हाला वाटले; भाच्याने समजावले की त्या प्रांताची नित्याची शॅम्पेन अशीच असते. तेथील हवा थंड आणि लहरी. एखाद्या वर्षी वसंतात हिमकडाका पडून कोंब जळतात, एखाद्या वर्षी ऐन तोडणीत पाऊस येतो. एका वर्षाच्या भरवशावर घराची चव टिकत नाही. म्हणून चांगल्या वर्षांचा काही रस राखून ठेवतात आणि नव्या वर्षाच्या रसात तो मिसळतात. घरातील जाणते माणूस निरनिराळ्या मळ्यांचे, निरनिराळ्या सालांचे नमुने चाखून प्रमाण ठरवते. मग बाटलीत थोडी साखर व यीस्ट घालून ती बंद करतात. आत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि वायू रसातच कोंडला जातो. तेच पुढे बुडबुडे होऊन वर येतात. अशी बाटली किमान 15 महिने तळघरात राहावी, त्यांपैकी 12 महिने यीस्टच्या गाळासह राहावी, असा तेथील नियम आहे. अनेक घरे त्याहून अधिक थांबतात. एकाच उत्तम वर्षाची म्हणून साल मिरवणारी बाटली निदान तीन वर्षे ठेवावी लागते.

या पेयाशी दों पेरिन्यों या बेनेडिक्टाईन संन्याशाचे नाव जोडले जाते. 1715 साली वारलेले हे संन्यासी ओव्हिलेर येथील मठाचे कोठारप्रमुख होते. बुडबुडे त्यांनी शोधले ही दंतकथा होय. उलट ते टाळण्याचीच त्यांची धडपड असे. त्यांचे खरे कसब निरनिराळ्या मळ्यांची द्राक्षे जुळवण्यात होते. आपल्या महाराष्ट्रातही ही रीत परकी नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे 1980 च्या दशकात याच पद्धतीने फेसाळ वाईन होऊ लागली आणि ती परदेशीही गेली.

त्या पहिल्या घोटात आम्हाला काय मिळाले? आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग लिंबाच्या सालीचा गंध, आणि घोट उतरल्यावर भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा दरवळ. हा शेवटचा गंध गाळासह घालवलेल्या महिन्यांचा. ज्या वर्षी कोंब जळाले, त्या वर्षालाही मागच्या वर्षांनी सावरून घेतले होते. कुटुंबही याहून वेगळे काय असते? आमच्या आईवडिलांच्या पन्नास वर्षांत नापिकी होती, आजारपण होते, अबोलाही होता. यातले कोणते वर्ष उत्तम म्हणून मिरवावे? सगळी वर्षे मिसळली म्हणूनच घराला चव आली.

आमच्या गावाला हे समजण्यास फ्रान्सला जायला नको. अंजनगाव पानमळ्यांचे गाव. बारी समाजाच्या घराघरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा वेल सावलीत जपला. चांगले पान जिभेवर आधी तिखट लागते, मग गार. त्यावरही साल नसते, नाव नसते. पण जाणकार ते ओळखतो. तेच पान पाहुण्याच्या हाती विडा होते आणि तंबाखू घातली की कर्करोगाचे वाहन होते. मग दोष वेलाचा म्हणावा की हाताचा?

आम्हास वाटते, आस्वाद आणि आसक्ती यांतील भेद पेल्यात शोधून सापडणार नाही. तो पेला खाली ठेवता येतो की नाही, यात आहे. एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. मिश्रण ठरवणारा जाणकार बहुधा प्रत्येक नमुना चाखून थुंकून टाकतो. ज्याला चव सर्वांत अधिक कळते, तो सर्वांत कमी पितो! आस्वादाला लक्ष लागते, स्मरण लागते, मर्यादा लागते. आसक्तीला यांतले काहीच लागत नाही. तिला फक्त पुढचा घोट हवा असतो.

पण एवढे म्हणून आत्याबाईंना उत्तर मिळत नाही. आपल्याला मर्यादा पाळता येते, हा काही दुसऱ्याच्या जखमेवरचा उतारा नव्हे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आपण आनंदाने सांगतो. परंतु ज्या पेयाने आपला बंधू अडखळतो ते न पिणे बरे, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले, तेही त्याच पवित्र शास्त्रात आहे. दोन्ही वचने एकत्र धरली पाहिजेत. सृष्टीचे दान चांगले आहे. आणि शेजारी बसलेले माणूस त्या दानाहून मोठे आहे.

त्या सायंकाळी वडिलांनी आपला पेला खाली ठेवला. आई आत गेली आणि लिंबाचे सरबत करून घेऊन आली. आत्याबाईंचा पेला उलटा होता, तो वडिलांनी स्वतः सुलटा करून भरला. मग सर्वांनीच सरबत घेतले. शॅम्पेनचे बुडबुडे पेल्यांत हळूहळू विरले. भाच्याला थोडे वाईट वाटले असेल. पण त्या दूरच्या शेतकरी कुटुंबाचे श्रम वाया गेले असे आम्हाला वाटत नाही. एका घोटात जेवढे कळायचे तेवढे कळले होते.