जिभेची पायरी

वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने रोखावी, ते जमत नसेल तर जिभेने, आणि तेही जमत नसेल तर निदान मनात तिला वाईट मानावे; ही शेवटची ईमानची सर्वांत कमकुवत पायरी. ही हदीस मी लहानपणी मकतबमध्ये शिकलो, पुढे वर्गातल्या मुलांनाही सांगत आलो. मी स्वतः कोणत्या पायरीवर उभा आहे, हा प्रश्न मात्र मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण' वाचताना पडला.

कल्याणच्या वाचनालयातून आणलेले हे पुस्तक आंबिवलीच्या घरी दोन रात्रींत संपवले. बंदिस्त राजवट म्हटली की आपल्याला उत्तर कोरिया आठवतो. पण सालाझारच्या अमलातला गोवा आपल्या शेजारीच होता. सभेला परवानगी हवी, मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवायला हवा. लग्नपत्रिकासुद्धा यातून सुटत नसे. रानडे तिथे मराठी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा ते लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते. सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ही हाताची पायरी. माझ्यासारख्याने तिला दुरूनच सलाम करावा.

मला अस्वस्थ केले ते म्हापशाच्या डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत कोणीतरी गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे म्हणाले. डॉक्टरांनी तिथल्या तिथे निषेध केला. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली, पोर्तुगालला रवानगी झाली. एका वाक्याला सरकार एवढे का घाबरले? लोकांच्या मनात काय आहे, याचा अंदाज जालिमालाही असतो. ते मनातच राहिले तर त्याचे काही बिघडत नाही. पण एकजण बोलला की दुसऱ्याला कळते, असे वाटणारा मी एकटा नाही.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गैरहजर मुलांची हजेरी लावायला आम्हा सहा शिक्षकांना सांगण्यात आले. सगळ्यांनी माना खाली घालून सह्या केल्या. मीही केली. नंतर चहा पिताना प्रत्येकजण म्हणाला, हे बरोबर झाले नाही. सहा मने होती, जीभ एकही नव्हती. आणि तिथे कुठला तुरुंग होता? फार तर बदली झाली असती.

जुलमाखाली गप्प राहिलेल्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या घरी लेकरे असतात. हदीसनेही त्याला ईमानच्या बाहेर काढलेले नाही. पण ही सवलत मजबूर माणसासाठी आहे. मोकळ्या मुलखात राहून ती घेणे म्हणजे धडधाकट माणसाने फर्ज नमाज बसून पढणे. रानडे कोठडीत असताना सुधीर फडके यांच्यासारखी माणसे इथे त्यांच्या सुटकेसाठी झटत होती. इथे बोलल्याबद्दल त्यांना कोणी पकडणार नव्हते, आणि म्हणूनच बोलणे हे त्यांचे कर्तव्य होते.

परवा पाचवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, हिसाब गलत है." वर्ग चिडीचूप झाला. मी फळ्याकडे पाहिले. चूक माझीच होती. ती पुसून तिला शाबासकी दिली, तेव्हा मागच्या बाकांवरून आणखी दोन हात वर झाले.