अनुमोदनेचा दोष

माझ्याकडे ईशापूरच्या कारखान्यात १९४२ साली बनलेली ली-एनफिल्ड आहे; आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर सगळ्यांनी पाहिलेली थ्री-नॉट-थ्री. बोल्टच्या मागच्या पोलादी पट्ट्यावर मुकुट, जी.आर.आय. ही राजाची अक्षरं आणि साल ठोकलेलं आहे. इथे ओहायोत, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने भरतात. त्यांत जुन्या लष्करी रायफलींचा वेगळा सामना असतो: अंतर २०० यार्ड, निशाण कागदाचं. तसाच सामना आम्ही मित्रमंडळी आमच्या रेंजवर आपापसांत लावतो.

आई सांगली जिल्ह्यात असते, रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाते. दशलक्षण पर्वात तिनं फोनवर विचारलं, "श्रावकाच्या घरात हे कशाला रे?"

कागदात जीव नाही आणि कुणाला मारण्याचा संकल्पही नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते वकिली उत्तर झालं. आमचं तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या मुळाशी प्रमाद पाहतं, आणि निर्जीव वस्तूही कर्माला वाट देते असं मानतं. एखादी वस्तू न पाहता, घाईनं ठेवणं हासुद्धा त्यात दोष आहे. रेंजची शिस्त मला इथं फार जवळची वाटते. निशाणांकडे माणसं निघण्याआधी प्रत्येक बोल्ट उघडा हवा, चेंबरमध्ये रंगीत पट्टी हवी, आणि मग रायफलीला कुणी बोटही लावायचं नाही. पालथं पडण्याआधी मी गवत आणि चटई मऊ ब्रशनं झाडून घेतो. मुनिमहाराज मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडतात, तशी. सोबती आता तेवढा वेळ थांबतात.

माझी खरी अडचण रेंजवर येत नाही, घरी येते. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन नळीत क्षार सोडतं. ते नुसत्या तेलानं निघत नाहीत, गरम पाणीच लागतं, म्हणून सामन्याच्या रात्रीच साफसफाई करावी लागते. तेव्हा बटावरच्या जुन्या खाचांवरून हात फिरतो. ही कुठल्या आघाडीवर गेली असेल, हिनं कुणाला टिपलं असेल, असं मनात येतं आणि छाती थोडी फुगते. नेमका तिथं दोष आहे. पाप स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं किंवा नुसतं मनानं वाखाणलेलं, तिन्ही आपल्याच खात्यावर पडतात. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, त्या थ्री-नॉट-थ्रीच्याच. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि झरझर चालणारा बोल्ट यांवर माझा जीव आहे, आणि ही चपळाई माणसं लवकर मारता यावीत म्हणूनच तिला दिलेली होती. तिच्या घडणीचं कौतुक त्या हेतूपासून कसं वेगळं काढायचं, हे मला अजून साधलेलं नाही. युद्धाच्या कहाण्या रंगवून सांगणं मात्र मी सोडलं आहे. "हिनं किती मारले असतील?" असं कुणी हसत विचारलं, तर मी माझ्या गोळ्या निशाणावर कुठे लागल्या ते दाखवतो आणि विषय बदलतो.

आई म्हणते, श्वास आणि नजर स्थिर करायची तर साध्या एअरगननंही होतं. बरोबर आहे तिचं. मग हीच रायफल का, याला आसक्तीखेरीज माझ्याकडे कारण नाही. आणि आसक्ती हाच परिग्रह. म्हणून मी मर्यादा घालून घेतली आहे: तीन रायफली, चौथी नाही. विकायची नाही, उसनी द्यायची नाही, कारण हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान, आणि शास्त्र त्याला अनर्थदंडात मोजतं.

माझ्यामागे त्यांचं काय करायचं, यावर मात्र आईचं नि माझं जमलेलं नाही. मी म्हणतो, संग्रहालयाला द्याव्यात. तिचं म्हणणं, आधी नळी कापून निकामी करा, मग कुणालाही द्या. ८० वर्षं टिकलेली नळी कापायला माझा हात धजत नाही, आणि तिच्या म्हणण्यात मला खोटही सापडत नाही.