पंक्ती लावून देणारा शिक्षक

सातारा किंवा सांगलीत जपानी भाषेचा पहिला वर्ग शोधायला आता फार वणवण करावी लागत नाही. हिरागाना, काताकाना, ‘मिन्ना नो निहोंगो’चे पहिले दोन भाग, एन-फाइव्ह आणि एन-फोर इथपर्यंत शिकवणारे कुणी ना कुणी भेटते. एन-थ्रीलाही कसेबसे निभावते. त्यापुढे मात्र विद्यार्थी शिक्षकाची चौकशी करू लागला की त्याला ठरलेला सल्ला मिळतो : पुण्याला जा. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. नोकरी करणाऱ्याला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असणाऱ्याला किंवा रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या परिचारिकेला हा सल्ला पाळता येत नाही. मग बरेचजण एन-थ्रीवरच थांबतात. हे थांबणे टाळता येण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी वरच्या पातळीचा शिक्षक नेमका कशासाठी हवा असतो, हे आधी स्वच्छ व्हायला हवे.

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजे सगळे जिला जेएलपीटी म्हणतात ती, 1984 साली सुरू झाली. 2010 मध्ये तिची फेररचना झाली आणि चाराऐवजी पाच पातळ्या आल्या : सर्वांत सोपी एन-फाइव्ह, सर्वांत अवघड एन-वन. जुलै आणि डिसेंबर महिन्यांतल्या पहिल्या रविवारी ती होते. आपल्याला जवळचे केंद्र पुण्याचे. एन-वनला एकूण 180 गुण असतात आणि 100 गुणांना उत्तीर्ण. पण भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या प्रत्येकी 60 गुणांच्या तीन विभागांत किमान 19 मिळवावे लागतात. एकात आपटले तर बाकीचे दोन वाचवू शकत नाहीत. शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून 110 मिनिटे; त्यानंतर श्रवण, ज्यात प्रत्येक संवाद एकदाच ऐकवला जातो. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही.

फेररचनेनंतर आणखी एक गोष्ट घडली आणि शिकवणीच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. कुठल्या पातळीला कुठले शब्द, कुठल्या कांजी आणि कुठले व्याकरण येईल याची अधिकृत यादी प्रसिद्ध होणे थांबले. खालच्या पातळ्यांवर याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे पुस्तक संपवले की अभ्यास बहुतांशी होतो. एन-टू आणि एन-वनला ‘पोर्शन’ नावाची वस्तूच उरत नाही. ‘शिन कान्झेन मास्टर’ किंवा ‘सोमातोमे’ची पाचही पुस्तके पाठ असलेला विद्यार्थी वाचनात 15 गुणांवर अडकू शकतो. आपल्याकडचा क्लास मात्र पोर्शन पुरा करण्यासाठीच बांधलेला असतो : आज दहा बुन्पो (व्याकरणाचे नमुने), उद्या वीस कांजी, शनिवारी मॉक टेस्ट. वरच्या पातळीसाठी शिक्षक मिळत नाही अशी तक्रार करताना आपण हाच क्लास आणखी अवघड पुस्तकांनिशी मागत असतो.

असा शिक्षक जिल्ह्याच्या गावात का टिकत नाही, याचे कारण साधे अर्थशास्त्र आहे. एन-वन झालेला माणूस पुण्यातल्या कंपनीत भाषांतरकार किंवा दुभाषी होतो, नाही तर जपानला जातो. जपानच्या उच्चकुशल व्हिसाच्या गुणपद्धतीत एन-वनला 15 आणि एन-टूला 10 गुण मिळतात. म्हणजे ही प्रमाणपत्रे मिळवणाऱ्याला जपान स्वतःच बोलावून घेते. सांगलीत चार विद्यार्थ्यांची एन-टूची बॅच घेऊन मिळणारी फी त्यापुढे काहीच नाही. जो चांगला शिकला तो गेला. यात कुणाला दोष देण्यासारखे काही नाही.

सरकारी प्रयत्न झाले आहेत. सप्टेंबर 2017 मध्ये भारत-जपान करारात पाच वर्षांत जपानी भाषेचे 1,000 शिक्षक तयार करण्याचे ठरले आणि त्यासाठी दिल्लीत प्रशिक्षण केंद्र निघाले. ऑगस्ट 2025 मध्ये पाच वर्षांत भारतातून 50,000 कुशल मनुष्यबळ जपानला जावे, असे उद्दिष्ट दोन्ही देशांनी जाहीर केले. परंतु या मनुष्यबळातल्या मोठ्या भागाला लागणारी भाषा एन-फोरच्या आसपासची असते. वर्ग त्याच पातळीचे निघतील, शिक्षकही त्याच पातळीचे घडतील. बाजाराने आपोआप एन-वनचा शिक्षक कराडात किंवा मिरजेत आणून बसवावा, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग या भागाला एन-टू, एन-वनची गरज तरी आहे का? आहे, आणि ती परदेशी जाण्यापुरती नाही. इबारा या जपानी कंपनीबरोबरचा किर्लोस्करांचा पंपनिर्मितीचा संयुक्त उद्योग 1988 पासूनचा आहे. त्याचा कारखाना सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला आहे. सातारा जिल्ह्यात केसुर्डीच्या औद्योगिक वसाहतीत निप्रो ही जपानी कंपनी वैद्यकीय साहित्य बनवते. मिरज तर शंभराहून अधिक वर्षे रुग्णसेवेचे गाव. तिथल्या परिचर्येच्या पदवीधर मुलीला जपानमध्ये वृद्धांच्या काळजीसेवेत जायचे असेल, तर एन-फोरच्या पातळीची भाषा आणि त्या कामाच्या परीक्षा पुरतात. पण तिला तिथे परिचारिका म्हणूनच काम करायचे असेल आणि त्यासाठी जपानच्या राष्ट्रीय परीक्षेला बसायचे असेल, तर सर्वसाधारणपणे एन-वन लागते. चार वर्षे परिचर्या शिकलेल्या मुलीने भाषा अपुरी पडते म्हणून सहायकाचे काम पत्करावे, हे मला फार बोचते. तिच्या शिक्षणाची किंमत वरच्या दोन पातळ्यांनी ठरते आणि त्या दोन पातळ्या शिकवणारे तिच्या गावात कुणी नसते.

तर शिक्षक कसा हवा? याचे उत्तर शोधायला सातारा जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले. शास्त्राभ्यासाच्या त्या परंपरेत ग्रंथ ‘संपवला’ जात नसे, त्याच्या पंक्ती लावल्या जात. कर्ता कुठला, हे पद कुणाला लागते, इथे पूर्वपक्ष बोलतो आहे की सिद्धान्ती, हा नकार कुठपर्यंत पोचतो, हे एकेका वाक्यावर थांबून ठरवायचे. विद्यार्थ्याने लावायचे, गुरूने अडवायचे. एन-वनच्या वाचनाला नेमके हेच लागते.

त्या परीक्षेतले मोठे उतारे बहुधा निबंधवजा असतात. लेखक आधी लोकांचे मत मांडतो, ते थोडे मान्य करतो, मग बाजूला सारतो, आणि आपले म्हणणे अनेकदा दुहेरी नकारात किंवा प्रश्नार्थक वाक्यात गुंडाळून ठेवतो. वाक्याच्या शेवटी ‘तोवा कागिरानाइ’ आले, म्हणजे ‘तसेच असेल असे नाही’, की आधीच्या दोन ओळींचा अर्थ फिरतो. ‘देवा नाइ दारो का’ या शेपटाने आलेला प्रश्न हा प्रश्न नसून लेखकाचे मत असते. चार पर्यायांपैकी दोन असे असतात की उताऱ्यातले शब्द त्यांत जसेच्या तसे आलेले असतात आणि तरी ते चूक असतात. शब्द सगळे माहीत असलेला विद्यार्थी इथेच घसरतो.

मराठी माणसाला इथे मोठा आधार आहे, आणि आपण तो वापरत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आपलेही. नामाच्या आधी लांबलचक विशेषण लावायची जपानी रीत इंग्रजीतून समजावायला गेले की वाक्य उलटे फिरवावे लागते. ‘काल आईने बाजारातून आणलेली आंब्यांची पेटी’ असे म्हणणाऱ्याला ती घरचीच वाटायला हवी. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणे’, ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. बघणे आणि ठेवणे ही क्रियापदे दोन्ही भाषांत सारखेच काम करतात. ‘इत्ते शिमात्ता’मधली हळहळ ‘बोलून बसलो’मध्ये पुरेपूर उतरते. आदरार्थी रूपांची सूक्ष्मता ‘तू, तुम्ही, आपण’ पाळणाऱ्याला उपरी वाटत नाही. सगळेच जुळते असे मात्र नाही. ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरक मराठीतून सुटत नाही, आणि स्वतःला झळ पोचल्याचे सांगणारा जपानी कर्मणी प्रयोग आपल्याकडे तसा नाही. पण कुठे जुळते आणि कुठे तुटते हे जाणणारा, मराठीतून शिकवणारा शिक्षक निम्मी वाट सोपी करतो. आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या टिपा इंग्रजीत असतात म्हणून शिकवणेही इंग्रजीतून चालते, आणि एका भाषेतून दुसरीत सरळ जाऊ शकणारा विद्यार्थी तिसरीला वळसा घालून जातो.

शिक्षक निवडताना म्हणून माझा आग्रह असा. प्रमाणपत्र विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ते कालबाह्य होत नाही; वाचन मात्र सुटले की सुटते. पहिल्याच भेटीत एन-टूचा एक उतारा समोर ठेवावा आणि विचारावे : बरोबर पर्याय दुसरा हे कळले, तिसरा का चूक? ‘तसे म्हणत नाहीत’, ‘ऐकून ऐकून कळते’ असे उत्तर आले तर ती व्यक्ती कितीही अस्खलित बोलत असो, या परीक्षेसाठी तिची मदत मर्यादित राहील. जपानी मातृभाषा असलेल्या शिक्षकालाही हीच कसोटी लावावी. संभाषणासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. पण मराठी विद्यार्थी कुठे आणि का अडखळतो, हे त्या वाटेने स्वतः चालून आलेल्याला अधिक कळते.

शिक्षकाकडे श्रवणासाठी तास घालवणे मला व्यर्थ वाटते. ते रोज अर्धा तास एकट्याने करायचे काम आहे आणि परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्नसंच ध्वनिफितींसह मोफत आहेत. शब्द आणि कांजी हेही ज्याचे त्याने करावे. शिक्षकाचा तास फक्त वाचनाला आणि चुकांच्या झडतीला द्यावा. असा तास आठवड्यातून एकदा मिळाला तरी पुरतो, आणि तो ऑनलाइनही चालतो. उरलेले सहा दिवस त्याच गावातल्या दोघातिघांनी एकत्र बसून उतारे लावावेत. वाचनालयाच्या अभ्यासिकेत त्यासाठी एक टेबल पुरेसे आहे.

संस्थांनीही हात द्यायला हवा. सांगलीत वालचंद आणि विलिंग्डन, इस्लामपूरजवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत. यातल्या एकाला एन-टूचा पूर्णवेळ शिक्षक परवडणार नाही. चौघांनी मिळून एक नेमला, कराडसारख्या मध्यवर्ती ठिकाणी रविवारचा वाचनवर्ग ठेवला, तर परवडेल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची ही भूमी. एन-थ्री झालेल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या मुलांना एन-फाइव्ह शिकवावे आणि महाविद्यालयाने त्याला त्याचा मोबदला द्यावा, हे त्या विचाराला धरूनच होईल. पुढे तो गाव सोडून जाईलच. पण जाण्याआधी तीन वर्षे शिकवून जाईल आणि शिकवण्याची सवय घेऊन जाईल.

गेलेल्यांकडे माझे मागणे आहे. सातारा-सांगलीतून निघून आज पुण्यात, तोक्योत, नागोयात काम करणाऱ्या ज्या कुणाचे एन-वन झाले आहे, त्यांनी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास द्यावा. त्या तासात एक उतारा, एवढेच पुरे. आणि त्यासाठी रीतसर फी घ्यावी. फुकटचा तास दोन महिन्यांत बंद पडतो, आणि ही तयारी वर्ष-दीड वर्षाची आहे.