साळुंकीत्व, भोरडीत्व आणि ब्राह्मणत्व

एक गाय पाहिलेल्या माणसाला दुसरी गाय दिसली की ‘हीसुद्धा गायच’ असे ज्ञान होते, या ज्ञानाला वस्तूत काही आधार आहे की ते केवळ मनाचे आणि भाषेचे काम आहे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी हजार वर्षांहून अधिक काळ लावून धरला. न्याय-वैशेषिकांनी त्याचे उत्तर ‘सामान्य’ या पदार्थाने दिले; सामान्य म्हणजे जाती, आणि जाती म्हणजे जी स्वतः एक आहे, नित्य आहे आणि तरीही अनेक व्यक्तींत समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहते ती. बौद्ध तार्किकांनी असा कोणताही पदार्थ नाही असे म्हटले आणि मीमांसकांनी त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला. मात्र हे सारे वाद बहुतेक वेळा गाईवरच झाले, आणि गाय हे उदाहरण फार सोपे आहे, कारण गोठ्यात गाईशी गल्लत व्हावी असे दुसरे जनावर सहसा नसते. खरी परीक्षा व्हायची तर जिथे सारखेपणा आणि वेगळेपणा एकमेकांत मिसळलेले आहेत असे उदाहरण घ्यायला हवे, आणि मैनांचे कुल त्या दृष्टीने फारच सोयीचे आहे. या कुलात जगभरात सुमारे सव्वाशे जाती मोडतात आणि त्यांतील अर्धा डझन तरी महाराष्ट्रात कमीअधिक प्रमाणात पाहायला मिळतात.

त्यांतील सर्वांत परिचित ती साळुंकी. तपकिरी अंग, काळे डोके, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्याभोवती आणि त्याच्या मागे पसरलेली पिसे नसलेली पिवळी त्वचा, आणि उडताना पंखावर उघडणारा पांढरा पट्टा अशी तिची लक्षणे सांगितली जातात. तिच्याच सोबतीने चरणारी जंगली मैना दुरून तशीच दिसते. तिच्याही पंखावर पांढरा पट्टा असतो, पण डोळ्याभोवती ती पिवळी त्वचा नसते, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळावर, उभ्या पिसांचा एक लहानसा तुरा असतो. भांगपाडी मैना अंगाने फिकट तांबूस असून तिच्या डोक्यावरची काळी टोपी मानेवर रुळते आणि पंखावर पांढरे काहीच नसते. भोरडी, म्हणजेच पळस मैना, ही मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करून पावसाळा सरत असताना थव्यांनी दख्खनच्या पठारावर उतरणारी पाहुणी आहे. तिचे डोके, पंख व शेपटी काळी आणि उरलेले अंग गुलाबी असते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला भोरड्यांची ओळख कोणत्याही पक्षिकोशाने करून द्यावी लागत नाही.

ही ओळख प्रत्यक्षात कशी घडते याकडे बारकाईने पाहिले तर पहिल्या फेरीत बौद्धांची बाजू वरचढ वाटते. दिङ्नागांनी मांडलेल्या आणि धर्मकीर्तींनी विस्तारलेल्या ‘अपोह’ सिद्धांतानुसार शब्द कोणत्याही सामान्याचा बोध करून देत नाही, तो केवळ इतरांची व्यावृत्ती करतो, म्हणजे त्यांना वगळतो. ‘गाय’ म्हणजे जे गाय नाही त्याहून वेगळे ते. नवशिका पक्षिनिरीक्षक नेमके हेच करीत असतो. पंखावर पांढरे दिसले नाही तेव्हा साळुंकी वगळली, जंगली मैनाही वगळली, काळी टोपी दिसली म्हणून भोरडीचे तपकिरी, गुलाबी रंगाचा लवलेश नसलेले पिल्लू वगळले, आणि उरली ती भांगपाडी. पण मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात या सिद्धांतावर घेतलेला आक्षेप इथे लगेच आठवतो: जे गाय नाही ते ओळखण्यासाठी आधी गाय माहीत असावी लागते, म्हणजे हे चक्रच झाले. साळुंकी एकदाही डोळे भरून न पाहिलेल्या माणसाला ‘साळुंकी नव्हे’ असा निर्णय करता येणार नाही. अकराव्या शतकातील रत्नकीर्तींनी या कोंडीतून वाट काढताना विधान आणि निषेध एकाच वेळी घडतात, शब्दाने इतरांच्या व्यावृत्तीने विशिष्ट अशी वस्तूच कळते, असे म्हटले. सवय झालेल्या डोळ्याचा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो, कारण जुना निरीक्षक वगळत बसत नाही, त्याला साळुंकी एका दृष्टिक्षेपात दिसते आणि बाकीच्या आपोआप बाजूला पडतात.

नैयायिकांच्या नित्य जातीला मैनांनी आणलेली अडचण अधिक अवघड आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती असा तिहेरी मानला असून आकृती, म्हणजे अवयवांची विशिष्ट रचना, ही जातीची खूण म्हणून सांगितली आहे. मैनांच्याच कुलातला, युरोपातील सामान्य स्टार्लिंग, जो हिवाळ्यात उत्तर भारतातही येतो, शरद ऋतूत पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो आणि वसंतात जवळजवळ संपूर्ण काळा, चकाकता दिसतो. यासाठी त्याला नवी पिसे येत नाहीत, जुन्याच पिसांची पांढरी टोके झिजून जातात. भोरडीचा गुलाबी रंगही परतीच्या काळात असाच उजळतो. आकृती बदलली तरी जाती तीच, एवढे नैयायिक मान्य करील. पण मग ती खूण कितपत विश्वासाची, हे त्याला सांगावे लागेल. इतिहास तर अधिकच बोलका आहे. लिनियसने 1766 साली साळुंकीचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा तिला चक्क स्वर्गीय पक्ष्यांच्या, म्हणजे न्यू गिनीकडच्या त्या झगझगीत पिसाऱ्याच्या पक्ष्यांच्या, प्रजातीत बसवले. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट. आणि इतक्या साध्या, रस्त्यावरच्या पक्ष्याला तो मान मिळावा यात थोडी गंमतच आहे. भोरडीला त्याने कस्तुराच्या गटात घातले होते. पुढे या पक्ष्यांना मैनांच्या कुलात आणले गेले, आणि 2008 च्या सुमारास जनुकांच्या तुलनेतून असे दिसले की स्टार्लिंगच्या एकाच प्रजातीत कोंबलेल्या अनेक आशियाई जाती एकमेकींच्या तितक्या जवळच्या नाहीत, त्यामुळे भोरडी, भांगपाडी आणि उत्तरेकडची कबरी मैना यांच्या वेगवेगळ्या प्रजाती झाल्या. व्यवहारातली ‘मैना’ ही संज्ञा आता वंशावळीच्या कोणत्याच एका फांदीशी जुळत नाही.

इथे नैयायिक उदयनाचार्यांचा किरणावली हा ग्रंथ उपयोगी पडतो. जे जे समान दिसते ते सारे जाती नसते हे ओळखून उदयनांनी सहा ‘जातिबाधक’, म्हणजे एखाद्या सामान्य धर्माला जातीचा दर्जा मिळण्याच्या आड येणारे दोष, सांगितले. त्यांतील ‘संकर’ हा दोष असा की दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडूनही राहतात, तेव्हा ते दोन्ही जाती होऊ शकत नाहीत. ‘मैना’पण आणि स्टार्लिंगपण यांची अवस्था नेमकी ही आहे. ज्या समान धर्माला जाती म्हणता येत नाही पण ज्याच्या आधारे व्यवहार चालतो, त्याला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. स्वयंपाकी ही उपाधी आहे. जो रांधतो तो स्वयंपाकी, रांधणे सोडले की स्वयंपाकीपण गेले, आणि त्यासाठी त्या माणसात काही नित्य तत्त्व मानायची गरज नाही.

जाती आणि उपाधी यांतील हा भेद या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण मैनांविषयी माणसे जे बोलतात त्यातील बरेचसे उपाधींविषयी असते आणि ते जातीविषयी असल्याच्या थाटात बोलले जाते. साळुंकी ‘उपकारक’ आहे म्हणून 1762 मध्ये तिला टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून मॉरिशसला नेण्यात आले. एकोणिसाव्या शतकात कीड खाण्यासाठीच ती ऑस्ट्रेलियात सोडली गेली. आणि 2000 साली जगातील शंभर घातक आक्रमक जातींच्या यादीत जे तीनच पक्षी होते, त्यांत साळुंकी होती. पक्षी तोच, त्याची भूक तीच, घरट्यासाठी ढोली बळकावण्याची खोडही तीच. भोरडीचेही तसेच आहे: हुरड्याच्या शेतात ती चोर आहे, आणि मध्य आशियात वीण करताना टोळ व नाकतोडे फस्त करते तेव्हा तिथल्या शेतकऱ्याची कैवारी आहे. ‘बोलकी’ म्हणून पिंजऱ्यात कोंडली जाणारी डोंगरी मैना रानात इतर पक्ष्यांच्या नकला करीत नाही, ती आपल्याच शेजाऱ्यांचे आवाज शिकते. माणसाची बोली ही तिच्या पिंजऱ्याची उपाधी आहे.

या भेदाचा उपयोग पक्ष्यांसाठी झाला त्यापेक्षा कितीतरी आधी तो माणसांच्या संदर्भात, आणि पक्ष्यांनाच साक्षीला ठेवून, झाला होता. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, यावर भांडणारे दोन ब्राह्मण तरुण बुद्धांकडे येतात. बुद्ध त्यांच्यापुढे गवत व झाडे, किडे, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांची मालिका मांडतात आणि म्हणतात की या साऱ्यांत जन्मसिद्ध, वेगवेगळ्या खुणा दिसतात, माणसांत मात्र केसांपासून पायांपर्यंत तशी खूण सापडत नाही, तिथला भेद केवळ नावाचा आहे. जो गोपालनावर जगतो तो शेतकरी, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी. न्यायाच्या परिभाषेत सांगायचे तर बुद्धांनी वर्णांना जातीच्या रकान्यातून काढून उपाधीच्या रकान्यात घातले. हीच युक्ती अश्वघोषांच्या नावावर असलेल्या वज्रसूचीत आणखी धारदार झाली, आणि वज्रसूचीचा विचार सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांनी मराठी अभंगांत आणला.

आजचे पक्षिशास्त्र या युक्तिवादाला एक दुरुस्ती सुचवते, आणि ती बुद्धांच्या बाजूची आहे. जन्मसिद्ध खूण दिसली म्हणजे वेगळी जाती ठरतेच असे नाही. जंगली मैनेचा डोळा उत्तर भारतात पिवळा असतो आणि महाराष्ट्रासह द्वीपकल्पात निळसर करडा. मुंबई इलाख्यात असलेल्या कर्नल साइक्सने 1832 मध्ये दख्खनच्या या पक्ष्याला मराठ्यांवरून ‘महराट्टेन्सिस’ असे नाव दिले, ते आज उपजातीचे नाव म्हणून टिकले आहे. डोळ्याचा रंग पिढ्यान्‌पिढ्या वेगळा, तरी जाती एकच, कारण अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये मांडलेल्या कसोटीनुसार परस्परांत संतती होत राहणारा समुदाय ती जाती. उलट साळुंकी आणि जंगली मैना एकाच गुरांच्या पायांत चरतात, पण जोडीदार आपापल्यातच शोधतात. माणसांच्या कातडीतील, केसांतील, डोळ्यांतील फरक पहिल्या प्रकारचे आहेत. शिवाय जाती उत्पन्न होतात आणि नष्टही होतात हे कळल्यानंतर त्यांचे नित्यत्व टिकवून धरणे कोणत्याही नैयायिकाला जड जाईल. पक्ष्यांच्या बाबतीतच नित्यत्व सुटले, तर ते माणसांच्या समूहांना देण्याचा आग्रह कशाच्या बळावर धरायचा?

कुमारिलांनी हा आग्रह धरला होता, आणि त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्याइतका कच्चा नाही. जाती प्रत्यक्ष असूनही ती प्रत्येकाला लगेच दिसत नाही, ती दिसण्यासाठी साहाय्य लागते, असे सांगताना ते श्लोकवार्तिकात एक यादी देतात: सोने तांब्यापासून रंगाने वेगळे कळते, वितळलेले तूप तेलापासून वासाने किंवा चवीने, राखेखालचा विस्तव स्पर्शाने, दूरचा घोडा खिंकाळण्याने, घट आकाराने, आणि ब्राह्मणत्व जन्मावरून, क्वचित राजाने नीट राखलेल्या आचारावरूनही. शिकवलेल्या डोळ्याला अधिक दिसते हा त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि पक्षिनिरीक्षण त्याचा रोज पुरावा देते, कारण झाडीत लपलेली भांगपाडी जाणकाराला कुमारिलांच्या घोड्यासारखी आवाजावरूनच सापडते. प्रभाकरांच्या मीमांसक परंपरेतील शालिकनाथांनी मात्र प्रकरणपंचिकेत ब्राह्मणत्व ही जाती मानण्यास नकार दिला, कारण एका ब्राह्मणाला पाहून दुसऱ्याला पाहताना कोणताही समान आकार प्रत्ययास येत नाही. अर्थात त्यांनी वर्णव्यवहार सोडला नाही, तो वंशपरंपरेवर टेकवला. तर्काने जे काढून घेतले ते रूढीने परत दिले, असे म्हणणे भाग आहे.

तरीही कुमारिलांच्या यादीवर शालिकनाथांचा आक्षेप निर्णायक ठरतो. सोने, तूप, विस्तव, घोडा आणि घट या पाच ठिकाणी शिकवणारा निघून गेला तरी शिकणाऱ्याला खूण स्वतः पडताळता येते. मैनेच्या डोळ्याभोवतीची पिवळी त्वचा ज्याने एकदा ओळखली त्याला पुढल्या साळुंकीची वंशावळ कोणी सांगावी लागत नाही. सहाव्या ठिकाणी वंशावळ सांगणारा बाजूला काढला की पडताळायला काहीच उरत नाही, आणि आचाराची खूण टिकवायला तर राजाचा दंड लागतो हे कुमारिलांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ब्राह्मणत्वाचे ते सहावे उदाहरण त्या यादीत बसत नाही.