एलीयाची गुहा व आमची मंडळी

(शास्त्रभाग : १ राजे, अध्याय १९)



एलीया संदेष्ट्याची कथा आपणांस ठाऊक आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांसमोर त्याने एकट्याने देवाची साक्ष दिली, आणि लागलीच ईजबेल राणीच्या धमकीने त्याचे मन खचले. तो पळत सुटला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकरास मागे ठेविले व स्वतः एकटाच रानात गेला. तेथे एका झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाच्या दूताने त्यास भाकर व पाणी दिले. त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगरास पोहोचला आणि एका गुहेत शिरला. तेथे देवाने त्यास विचारिले की, तू येथे कशासाठी आला आहेस? हाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे व स्वतःपुढे ठेवीत आहो. कारण अशा गुहेची ओढ आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ अंतःकरणांस लागलेली आहे.

नाशिकरोडच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी, एकलहरे गाव आहे. तेथील वीजकेंद्राची धुराडी लांबून दिसतात. १९७० व १९७१ साली तेथे १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. पुढे १९७९ पासून १९८१ पर्यंत २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. जुने दोन २०११ साली बंद झाले. दूरच्या खाणींतला कोळसा आगगाडीने यावा, नदीच्या पाण्याची वाफ व्हावी, वाफेने चक्र फिरावे, आणि तारांवरून वीज गावोगाव जावी, असे हे काम आहे. हे काम रात्री थांबत नाही, म्हणून माणसांसही पाळीपाळीने जावे लागते. कोणाचा विसाव्याचा दिवस मंगळवारी येतो, तर कोणाची झोप दिवसा होते. शेताच्या कामावर उठणारे व बसणारे गाव अशा रीतीने भोंग्यावर व घड्याळावर चालू लागते.

आम्ही विजेस दोष देत नाही. त्याच दिव्याखाली आमची मुले शास्त्र वाचितात, आणि त्याच विजेने विहिरीचे पाणी शेतास मिळते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच तारेवर हजार घरे जोडलेली असतात, तरी त्या घरांतील माणसे एकमेकांस जोडलेली असतीलच असे नाही. एका घरात चौघे बसतात व चौघेही आपापल्या मोबाइलकडे पाहतात. शेजारचा आजारी पडला हे आठ दिवसांनी कळते. लग्नात शेजाऱ्याहून मोठा मांडव हवा म्हणून कर्ज काढावे, आणि हप्ता फेडण्यासाठी रविवारीही जादा कामावर जावे, असे होते. उपासनेस आलेला मनुष्य आशीर्वाद मिळताच घाईने निघून जातो. जो पूर्वी दहा घरांचा होता तो आता कोणाचाच उरला नाही, असे त्याचे त्यालाच वाटू लागते.

अशा वेळी काही तरुण कुटुंबे म्हणतात, आपण हे सर्व सोडून द्यावे; कोठे तरी विश्वासी लोकांची वस्ती असेल तेथे जाऊन राहावे; तेथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होईल, मुले बिघडणार नाहीत, आणि जगाचा वारा लागणार नाही. या इच्छेस कोणी हसू नये. एलीया थकला होता, आणि देवाने त्यास प्रथम रागे भरले नाही. प्रथम त्यास जेवू घातले. थकलेल्या मनुष्यास आसरा हवा, हे देव जाणतो. परंतु आसऱ्याचे प्रयोजन काय, हे आमच्या वडिलांच्या इतिहासावरून पाहणे हिताचे होईल.

एकलहऱ्याहून फार दूर नाही असे शरणपूर पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी नाशिकाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. ती का वसवावी लागली? बाप्तिस्मा घेणाऱ्यास त्या काळी घर सोडावे लागे, बलुते बुडे, पाणवठा बंद होई, आणि नातलगही उंबऱ्यावर उभे करीत नसत. ज्यास कोणी जागा देत नाही त्यास जागा मिळावी, म्हणून तिचे नाव शरणपूर. हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथे आणिली गेली. त्यांस वाचन शिकविले गेले, तसेच सुतारकी व लोहारकी शिकविली गेली.

आता त्या मुलांचे पुढे काय झाले ते ऐका. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत गेले तेव्हा शरणपुरातील नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. मागाहून गेलेला याकोब वेनराइट हाही याच शाळेचा विद्यार्थी. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले, आणि त्या वेळी प्रेतसंस्काराचे वाचन याकोबाने केले. पुढे सोबत्यांनी तो देह शेकडो मैल वाहून समुद्रकाठी आणिला. याकोब त्याबरोबर इंग्लंडास गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर येथील दफनविधीस हजर राहिला. त्यानंतर प्राइस साहेब मोंबासाजवळ सोडविलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती वसविण्यास गेले, तेव्हा शरणपुरात वाढलेले लोक तेथील कामास उपयोगी पडले. ज्यांस स्वतः आसरा मिळाला होता तेच दुसऱ्यांसाठी आसरा बांधू लागले. शरणपुराचे फळ ते हेच. आणि आज? नाशिक शहर वाढत वाढत शरणपुरास येऊन मिळाले आहे. शरणपूर रस्ता हा शहरातील गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. जी वस्ती गावाबाहेर होती तिच्या दारात बाजार आला. कुंपण कितीही दूर घाला, जग चालत तेथवर येते. म्हणून ज्याचा विश्वास केवळ अंतरावर उभा आहे त्याने सावध असावे.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावचे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मरणाऱ्या मुली व विधवा गोळा करून तेथे आणिल्या, आणि मुक्तिसदन उभे राहिले. तेही एक निराळे गावच होते. परंतु तेथे कोणी हात जोडून स्वस्थ बसले नाही. शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ज्या स्त्रियांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यापैकीच कित्येकींनी ते छापण्याचे काम केले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या त्यापूर्वी हे भाषांतर पुरे झाले होते. ज्यांस जगाने ओझे म्हणून टाकिले त्यांच्याच हातून घरोघर वाचावयाचा ग्रंथ निघाला.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, जिचा जन्म नाशिकजवळच्या जलालपुरचा, काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. घर तुटणे म्हणजे काय, हे टिळकांनी भोगिले होते. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला, तेव्हा त्यास कुंपण घातले नाही. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, जो येशूस गुरू मानून त्याच्या मागे चालू इच्छितो त्यास या बंधुसमाजात जागा असावी, असा त्यांचा हेतू होता. दोनच वर्षांनी, १९१९ साली, टिळक वारले, आणि तो दरबार पुढे वाढला नाही. यावरूनही आम्ही धडा घ्यावा. द्वार उघडे असणे चांगले. परंतु एका थोर पुरुषाच्या तेजावर उभा असलेला समाज त्याच्या पश्चात टिकणे कठीण असते. चार खांद्यांवर भार हवा.

या तीन ठिकाणांवरून खऱ्या समाजाची पारख करता येते. तेथे जो टाकलेला आहे त्यास प्रथम जागा मिळते. तेथे प्रत्येकाच्या हातास काम असते. आणि तेथील मनुष्य पुन्हा लोकांकडे पाठविला जातो. आजकाल कोणी उपदेशक गावी येऊन सांगतो की, जमीन विकून पैसा माझ्या हाती द्या व माझ्या वस्तीत या. आईबापांशी बोलू नका. आजाऱ्यास औषध देऊ नका. हिशेब विचारू नका. बंधूंनो, ही पारख त्यास लावा. प्रेषितांच्या काळी विश्वासी लोक आपले सर्वस्व एकत्र ठेवीत हे खरे, परंतु ते रोज मंदिरात व घरोघर उघडपणे जमत, आणि सर्व लोक त्यांस चांगले म्हणत. जेथे दार आतून बंद केले जाते व चावी एकाच मनुष्याच्या खिशात असते, त्या घरास मंडळी म्हणू नये. त्याचप्रमाणे आमच्या मंडळ्यांनीही स्वतःकडे पाहावे. आम्ही जगाचा मोठेपणा नको म्हणतो, आणि सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारितो. प्रभुभोजनास एकत्र बसतो, आणि घरच्या जेवणास वेगळी पंगत मांडितो. हे असेपर्यंत कोठेही जाऊन राहिलो तरी जुने गावच आमच्याबरोबर येईल.

आता पुन्हा होरेबाकडे वळू. वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि त्यानंतरच्या मंद वाणीत देव एलीयाशी बोलला. एलीयाचे गाऱ्हाणे एकच होते की, मी एकटा उरलो आहे. देवाने त्यास गुहेत राहू दिले नाही. ज्या वाटेने आलास त्या वाटेने परत जा, अशी आज्ञा झाली. त्यास नवी कामे नेमून दिली. आणि इस्राएलात गुडघा न टेकलेले सात हजार लोक राखून ठेविले आहेत, असे कळविले. ते सात हजार एलीयाने पाहिले नव्हते. ते काही गुहांत नव्हते. ते आपापल्या घरी, आपापल्या शेतात, ईजबेलच्याच राज्यात होते. एलीया परत फिरला तेव्हा त्यास अलीशा भेटला, तोही नांगर धरलेला. अलीशाने काय केले? आपली बैलजोडी कापून मांस शिजविले, लोकांस जेवू घातले, आणि मग तो एलीयाच्या मागे गेला. ज्याने आपला चाकर मागे सोडिला होता त्यास असा सोबती मिळाला, आणि ती सोबत एका जेवणाने सुरू झाली.

म्हणून गावोगावच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. ज्यांस पाळीमुळे रविवारी येता येत नाही त्यांस विसरलेले म्हणून सोडू नका. त्यांच्या सुटीच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर लहानशी उपासना करा. दोघे किंवा तिघे जमले तरी प्रभू तेथे असतो. महिन्यातून एकदा सर्व कुटुंबांनी आपापली भाकर-भाजी घेऊन एकत्र जेवावे, आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसला याचा विचार करू नये. जेवणाच्या व प्रार्थनेच्या वेळी मोबाइल एका टोपलीत ठेवावे, पाळकानेही ठेवावा. आजाऱ्याकडे कोणी कोणत्या दिवशी जावे हे ठरवून टाका. मंडळीची पेटी उघड्यावर मोजा, व हिशेब सर्वांस वाचून दाखवा. कर्जात बुडालेल्या घरास लग्न साधेपणाने करण्याचे बळ द्या, आणि त्या साध्या लग्नास सर्वांनी आनंदाने जा. नव्याने भाड्याच्या खोलीत राहावयास आलेल्या कुटुंबाचे दार पहिल्या आठवड्यातच ठोठवा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी गाव सोडावे लागत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या बंदिवानांस पत्र लिहून कळविले होते की, तेथेच घरे बांधा, बागा लावा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आमच्या प्रभूनेही आपल्या शिष्यांस जगातून काढून न्यावे अशी प्रार्थना केली नाही. जगात असता त्यांचे वाईटापासून रक्षण व्हावे, अशी केली. तर मग ज्या कोणाचे मन आज झुडुपाखाली बसलेल्या एलीयासारखे झाले असेल त्याने प्रथम देवाच्या हातची भाकर खावी, थोडा विसावा घ्यावा, आणि मग आलेल्या वाटेने परतावे. त्याच्याच गल्लीत, त्याच धुराड्याच्या छायेत, आणखी कोणी तरी आपण एकटेच उरलो असे समजून बसला असेल. त्याच्याकडे या आठवड्यात जावे. आपणां सर्वांस तसे करण्यास प्रभू बळ देवो. आमेन.